ना या यादीत, ना त्या

कुठलीही यादी समोर आली की आक्का आधी डावा तळहात उघडायच्या. उजव्या हातात बॉलपेन असायचंच. यादीत नावं किती आहेत तो आकडा अंगठ्याखाली लिहायच्या, मग चष्म्यावरून तुमच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "हे आले. आता न आलेले सांग."

न आलेल्यांचा आकडा करंगळीखाली, दोन्हींची बेरीज मनगटाजवळ. बेरीज एकूण नोंदींशी जुळली तर यादीवर सही, नाही जुळली तर यादी परत. दुपारी डबा उघडण्याआधी साबणाने हात धुवायच्या. की सकाळच्या याद्या पुसल्या जायच्या आणि दुपारच्यांना जागा व्हायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. प्रत्येक कचेरीत एक असतं. दारावरच्या पाटीवर त्याचं नाव नसतं, पगार सांगण्यासारखा नसतो, पण त्याने मान हलवल्याशिवाय तिथला कागद जागचा हलत नाही. मला अशा माणसांची पूर्वी फार चीड यायची. आक्का भेटेपर्यंत माझं ठाम मत होतं की कॉम्प्युटर आला की ही माणसं आपोआप बाजूला होतात.

आमच्या शहरातल्या एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आक्का नोंदी सांभाळायच्या. मूळच्या सोयगावकडच्या, शेतकरी घरातल्या. दवाखान्यात लागल्या त्या केसपेपर उचलून द्यायला. पुढे तिथे पहिला कॉम्प्युटर आला आणि सगळे त्याला बिचकले. पुण्याहून एक प्रोग्रामर येऊन आठ दिवस राहिला, आणि आठही दिवस आक्का त्याच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. तो परत गेला तेव्हा दवाखान्यात प्रोग्राम चालवता येणारं एकच माणूस उरलं होतं. त्यांची तेव्हाची वही मी पाहिली आहे. इंग्रजी आज्ञा सगळ्या मराठी अक्षरांत: 'टिंबावर ये. सेट फिल्टर टू. कंस उघड. कंस मीट.' मधेच एका पानावर लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाणही आहे.

त्या काळ्या पडद्याच्या प्रोग्रामवर आक्कांनी सगळं आयुष्य काढलं. शेवटी ते मशीनच एके दिवशी दगावलं. त्याच्या डिस्कवरून सगळ्या नोंदी जशाच्या तशा नव्या डेटाबेसमध्ये आणायचं आणि वर एक वेबसाइटसारखी, ब्राउझरमध्ये चालणारी प्रणाली बांधायचं काम आमच्या कंपनीला मिळालं. कंपनी म्हणजे काय, पुंडलिकनगरात एका किराणा दुकानावरची खोली, तीन लॅपटॉप आणि पाण्याविना चालणारा कूलर. पण मी नुकतंच नवं वेब फ्रेमवर्क शिकले होते आणि माझे पाय जमिनीवर नव्हते.

पहिल्या दिवशी मी आक्कांना फ्रेमवर्क समजावून सांगितलं. म्हणजे मला तसं वाटलं. "बघा आक्का, आता आज्ञा पाठ करायला नकोत. आपल्याला काय हवंय ते एकापुढे एक जोडत जायचं. रुग्ण; जिथे तालुका सोयगाव; जिथे पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय; जिथे दुसऱ्याचं झालेलं नाही. की आली यादी."

आक्कांनी कीबोर्डवरचं प्लॅस्टिकचं आवरण काढून घडी घातली. दर शनिवारी त्या ते धुवायच्या.

"लई चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "रिकामं चालतं का ह्यात?"

"सगळं चालतं हो," मी म्हणाले. प्रश्न नीट ऐकला असता तर हे व्यक्तिचित्र लिहायची वेळ आली नसती.

पुढचा महिनाभर आक्का माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. सवयच ती. फर्दापूर हे गाव नोंदींमध्ये पाच तऱ्हांनी लिहिलंय हे त्यांनीच सांगितलं. आमच्या शहराच्या रकान्यात जुनं नावही आहे आणि नवंही, तेव्हा फिल्टर लावताना दोन्ही घे, हेही त्यांनीच. मी खुर्ची द्यायचे तर म्हणायच्या, "बसून शिकलेलं बसून जातं." याचा अर्थ मला अजून नीटसा लागलेला नाही, पण त्या इतक्या खात्रीने म्हणायच्या की मी मान डोलवायचे.

आता या सगळ्यात अडलेलं काय होतं ते सांगते. दिवाळी झाली की दवाखान्याची गाडी एकेका तालुक्यात जायची आणि मोतीबिंदूचा दुसरा डोळा राहिलेल्या माणसांना घेऊन यायची. बहुतेक सगळी म्हातारी माणसं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, त्याने दिसतंय, मग दुसऱ्यासाठी आपणहून कोणी येत नाही. नोंदीतला फोन मुलाचा, मुलगा पुण्याला, नंबर कधीच बदललेला. तेव्हा सगळं यादीवर. यादीत नाव असेल त्याच्या दारात ड्रायव्हर सलीमभाई हॉर्न वाजवणार, नसेल त्याच्या दारावरून गाडी पुढे जाणार. आणि पिकलेला मोती फार दिवस तसाच ठेवला तर तो डोळा हातचा जातो.

त्या वर्षीची पहिली यादी माझ्या नव्या प्रणालीतून निघणार होती. सोयगाव तालुक्याची.

दवाखान्याच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला. मोठे डॉक्टर, चार विश्वस्त, नर्सबाई, दाराशी सलीमभाई, आणि मागच्या रांगेत, अर्थातच उभ्या, आक्का. मी निळा कुर्ता घातला होता. तालुका निवडला, फिल्टर लावला, बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पडद्यावर एकशे चौऱ्याहत्तर नावं, गावांप्रमाणे लावलेली, छापायला तयार. विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, मला आईला फोन करावासा वाटला.

टाळ्या थांबल्या आणि मागून आवाज आला. "हे आले. आता न आलेले सांग."

डॉक्टर हसले. "आक्का, आता ते तळहाताचं राहू द्या. कॉम्प्युटर चुकत नाही."

"न चुकंना. बघाया काय जातंय?"

मी जरा तोऱ्यातच उलटा फिल्टर लावला. दुसरा डोळा झालेले, आणि नको म्हणालेले. तीनशे एक्क्याण्णव. आक्कांनी बॉलपेन चालवलं आणि तळहात समोर धरून त्या रांगांमधून थेट पडद्यापर्यंत आल्या.

"एकशे चौऱ्याहत्तर आन् तीनशे एक्क्याण्णव, पाचशे पासष्ट. तालुक्यात पहिला डोळा झालेली एकूण माणसं काढ."

मी काढली. सहाशे बारा.

"सत्तेचाळीस माणसं कुठंयत?"

मी घाईघाईने काहीतरी म्हणाले. दुबार नोंदी असतील, नावांपुढे मोकळ्या जागा असतील. एका विश्वस्तांनी घड्याळ पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "आक्का, एकशे चौऱ्याहत्तर तरी हाताशी आहेत ना? गाडी उद्या सातला निघायची आहे. उरलेलं पुढच्या वर्षी बघू."

"मग मी नाय सही करत," आक्का म्हणाल्या.

आवाज चढवला नाही, काही नाही. चहा नको म्हणावं तसं म्हणाल्या. आक्कांनी सही नाही दिली तर काय होतं, हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. ते दाराशी उभ्या सलीमभाईंनी सांगितलं.

"साब, आक्का की सही नहीं तो डिझेल की चिठ्ठी नहीं. चिठ्ठी नहीं तो गाडी नहीं. ये तो पहिले से हय."

डॉक्टर उठले. जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाले, "संध्याकाळी पाचपर्यंत काय ते मिटवा." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. निळ्या कुर्त्यासकट.

आम्ही दोघी नोंदींच्या खोलीत येऊन बसलो. म्हणजे मी बसले. दोन तास मी जंग जंग पछाडलं. दुबार नोंदी नव्हत्या. गावांची नावं बरोबर होती. नोंदी सगळ्या डेटाबेसमध्ये होत्या, एकही गळाली नव्हती. तरी सत्तेचाळीस माणसं 'झालेलं' म्हटलं तरी येत नव्हती आणि 'न झालेलं' म्हटलं तरी येत नव्हती. जुनं मशीन असतं तर ताडून तरी पाहिलं असतं. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं तशा आक्का पुढे सरकल्या.

"आकडे सोड. एक माणूस काढ, नाव घेऊन. फर्दापूरची कडूबाई काढ. वय विचारलं तर म्हणली, तुम्हीच लिवा अंदाजानं. अंदाजानं लिवती व्हय मी? अर्धा घंटा भांडलो आम्ही. ती मला पक्की ठाऊक हाय."

कडूबाई काढली. होती. तालुका सोयगाव, गाव फर्दापूर, उजवा डोळा झालेला. दुसऱ्या डोळ्याचा रकाना रिकामा.

मी रिकाम्या रकान्यांच्या नोंदी मागवल्या. सोयगाव तालुक्यात बरोब्बर सत्तेचाळीस.

"आक्का, हे रिकामं का ठेवलंत?"

"मोती पिकायचा होता त्यांचा. डॉक्टर म्हणले, दोन वर्सांनी बघू. आता 'बघू'ला मी काय लिवणार? ठरलं नाय ते लिवायचं नाय. पहिल्यापास्नं तसंच हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुन्या प्रोग्राममध्ये रिकामा रकाना म्हणजे नुसता रिकामा. 'झालं' नाही म्हणजे 'राहिलं', सरळ. नव्या डेटाबेसमध्ये रिकाम्याचा अर्थ 'माहीत नाही'. त्याला विचारा, दुसरा डोळा झाला का? तो गप्प. झाला नाही का? तरी गप्प. म्हणून तो दोन्ही याद्यांतून बाहेर. आणि दोन वर्षांपूर्वी पिकायचे असलेले ते सत्तेचाळीस मोती आता पिकलेले असणार. ज्यांना सगळ्यांत आधी आणायला हवं त्यांनाच मी घरी बसवलं होतं.

मी हे सगळं आक्कांना सांगितलं. रडत सांगितलं, लपवत नाही. आक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आमचं जावईबापू असंच हायेत," त्या म्हणाल्या. "जेवता का म्हणलं तर हो बी म्हणत नायत आन् नाय बी म्हणत नायत. मग काय उपाशी ठेवायचं व्हय त्यांना? आपण आपलं ताट वाढायचं."

मी ताट वाढायला घेतलं. क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाच्या, शेवटी जोडलं: किंवा दुसऱ्या डोळ्याचा रकाना रिकामा. बटण दाबलं आणि पडद्यावर हजाराच्या वर नावं धबाधबा उतरली. वैजापूर, पैठण, कन्नड, सगळा जिल्हा सोयगावात येऊन बसला.

आक्का पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या. हसून हसून त्यांना बसावं लागलं. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, तुझं 'किंवा' मोकाट सुटलंय. आधी तालुका म्हण. मग कंस उघड, आत काय ते न झालेलं, रिकामं, किंवा, भांडू दे त्यांना, आन् कंस मीट. भांडण कंसात ठेवायचं. भाईर येऊ द्यायचं नाय."

मी लिहिलं. त्या नव्या फ्रेमवर्कचं नावही त्यांना धड म्हणता येत नव्हतं, पण त्यांनी सांगितलं ते अक्षरशः तसंच त्यात लिहितात. बटण दाबलं. दोनशे एकवीस.

आक्कांनी हात धुतला होता. कोऱ्या तळहातावर त्यांनी दोनशे एकवीस लिहिलं, तीनशे एक्क्याण्णव लिहिलं आणि मनगटाजवळ बेरीज केली. सहाशे बारा. मी त्यांना मिठी मारली. नोंदींच्या खोलीत तसलं काही चालत नाही असं त्या म्हणाल्या, पण बाजूला झाल्या नाहीत. पावणेपाचला यादीवर सही झाली, आणि सलीमभाई डिझेलची चिठ्ठी घेऊन जाताना दारातून ओरडले, "क्या आक्का, पूरे सोयगाव को लाना हय क्या?"

गाडीच्या दर खेपेला माणसं आली, आणि एका गाडीला आवरेना म्हणून ट्रस्टने दुसरी केली. पहिल्या सकाळपासून दर खेपेला फाटकाशी उभं राहून आक्कांनी नावं वाचली. ती सत्तेचाळीस त्यांनी यादीत वेगळ्या खुणेने लावून घेतली होती. तीन जण वारले होते, एक मुलीकडे गेला होता. बाकी सगळे येत गेले. "हाय की!" "इथं हाय!" "जी!" अशी एकेकाची हाक यायची आणि आक्का खूण करायच्या. मी आजवर बऱ्याच कंपन्यांसाठी बऱ्याच क्वेऱ्या लिहिल्या. क्वेरीचं उत्तर माणसांनी तोंडाने दिलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं, आणि त्यासारखा आनंद मला दुसऱ्या कशात झालेला नाही.

कडूबाई तिसऱ्या खेपेत उतरल्या. त्या अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या लोकांना मण्यांच्या माळा ओवून विकायच्या. डॉक्टरांना त्यांचं पहिलं गाऱ्हाणं हे, की एका डोळ्यानं दिसतं, पण सुईत दोरा जात नाही, शेजारून जातो. डॉक्टरांनी डोळा तपासला. मग बाहेर येऊन आक्कांना म्हणाले, "पुढच्या वर्षी आणली असती तर उपयोग नव्हता." ते सगळ्यांसमोर म्हणाले, नोंदींच्या खोलीच्या दारात उभं राहून. मोठा माणूस. चूक पदरात घ्यायला त्यांना कमीपणा वाटला नाही. पुढच्या बैठकीत मी पडद्यावर यादी आणली आणि डॉक्टरांनीच विचारलं, "न आलेले किती?" सगळा हॉल हसला. आक्का हसल्या नाहीत. योग्य प्रश्न विचारला म्हणून त्यांनी मान तेवढी हलवली.

निवृत्तीला उरलेल्या दीड वर्षात आक्का फ्रेमवर्क शिकल्या. वहीत नवी पानं उघडली: 'व्हेअर. व्हेअर नल, म्हणजे रिकामं. बाण काढ. कंस मीट.' त्यांनी स्वतः लिहिलेली पहिली क्वेरी चालली त्या दिवशी सगळ्या दवाखान्याला खव्याचे पेढे मिळाले, आणि क्वेरी म्हणजे काय हे विचारणाऱ्याला दोन. मी जिथे जिथे यादी दाखवते तिथे खाली आता तीन आकडे असतात: यादीत, यादीबाहेर, एकूण. गिऱ्हाइकं विचारतात, हे कशाला? मी म्हणते, आमच्याकडे पद्धत आहे. आमच्या खोलीत नवीन आलेल्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी सांगते की भांडण कंसात ठेवायचं. ते मला विक्षिप्त समजतात, आणि मला ते आवडतं.

आक्का निवृत्त होऊन सोयगावला गेल्या. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. त्यांच्या खुर्चीवर आता एक चुणचुणीत मुलगी बसते. काम चांगलं करते. तरी त्या खोलीत गेलं की मला मागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, आणि नाही हे कळलं की वाईट वाटतं.

मागच्या हिवाळ्यात पाहुण्यांना लेणी दाखवायला घेऊन गेले होते. फर्दापूरला गाडी थांबली. रस्त्याच्या कडेला गोणपाटावर कडूबाई बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नव्हतं. मी माळ घेतली. त्या दुसरी ओवत होत्या. सुई डोळ्यांसमोर धरली, दोरा पहिल्याच खेपेला आरपार गेला, आणि एकेक बारीक मणी पटापट सुईवर चढायला लागला.

"डोळे चांगले झालेत," मी म्हणाले.

"दोन्ही," त्या म्हणाल्या. "दवाखान्याची गाडी आली व्हती दारात. देव जाणे कसं, माझं नाव व्हतं त्यांच्यापाशी."

मी म्हणाले, देव नव्हे. खाली बसले, आणि त्यांना सगळं सांगितलं. क्वेरी आणि कंस त्यांना काय कळणार, म्हणून एवढंच सांगितलं की तुमचं नाव यादीतून सुटलं होतं आणि एक बाई तुमच्या नावासाठी अडून बसली होती. वयावरून जिच्याशी अर्धा तास भांडलात, तीच ती. मग मी आक्कांचं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं. कडूबाईंनी ओवणं थांबवलं. ते नाव त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं.

"सोयगावला असती व्हय?" त्या म्हणाल्या. हातातली माळ गाठ मारून त्यांनी पिशवीत घातली. विकायच्या माळांत नाही, वेगळी. "मग जाईन की उद्याच. आता मी यष्टीची पाटी वाचती."